मोटारसायकलीचे मागील शॉकअप : पारख, दुरुस्ती व बदल

शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलगाडी उभी असे. आज बहुतेक ठिकाणीं तिच्या जोडीस किंवा तिच्या जागीं मोटारसायकल उभी आहे. पहाटे संकलन केंद्रावर दूध पोहोंचविणें, दुपारीं गवताचा भारा आणणें, बाजारांतून पेंडीचें अगर खताचें पोतें आणणें, आणि वीज आली म्हणजे पंप चालू करण्यासाठीं विहिरीवर धांव घेणें, हीं सर्व कामें तिजकडून होतात. तिच्या इंजिनाकडे, तेलाकडे व साखळीकडे मालकाचें लक्ष असतें. कारण त्यांत बिघाड झाला तर गाडी जागच्या जागीं थांबते. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस असलेले शॉकअप मात्र निकामी झाले तरी गाडी चालतच राहते. म्हणून त्यांची विचारपूस सहसा होत नाहीं. आणि झाली तर ती पुष्कळदां चुकीच्या दिशेनें होते.

गाडी मागें बसूं लागली कीं स्प्रिंग कसून घ्यावी, किंवा तिच्या वेढ्यांत रबराचे तुकडे ठोकावे, हा खेड्यापाड्यांतील सर्रास उपाय आहे. त्यानें गाडी उंच दिसूं लागते व मालकाचें समाधान होतें. परंतु मूळ दोष जसाच्या तसा राहतो. कित्येकदां तो वाढतो. हा घोटाळा कां होतो, हें समजण्यासाठीं शॉकअपांत दोन निराळीं कामें करणारे दोन निराळे भाग असतात, ही एकच गोष्ट नीट ध्यानांत धरली पाहिजे. भार पेलण्याचें काम स्प्रिंगेचें, आणि उसळी आवरण्याचें काम तेलाचें. पुढील सर्व विवेचन या एका वाक्याचाच विस्तार आहे.

रचना व कार्य

बैलगाडीस स्प्रिंग नसली तरी चालत असे, कारण बैलांची चाल माणसाच्या चालीएवढीच. तोच खळगा ताशीं चाळीस किलोमीटरांच्या वेगानें ओलांडतांना चाक वर उडतें, आणि त्याबरोबर सर्व गाडी उडूं नये म्हणून चाक व चौकट यांच्यामध्यें स्प्रिंग घालावी लागते. प्रारंभींच्या बहुतेक मोटारसायकलींस मागच्या बाजूस अशी सोय नव्हती. बसण्याच्या खोगिरालाच काय त्या स्प्रिंगा असत. ‘रॉयल एन्फील्ड’ कंपनीच्या ‘बुलेट’ गाडीस १९४९ सालीं मागचें चाक धरणारा, वरखालीं हलणारा चिमटा व तेलाचे शॉकअप देण्यांत आले. हीच गाडी पुढें १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागली. आजच्या आपल्या साध्या गाड्यांची मागची रचना मूलतः तशीच आहे.

शॉकअपाच्या बाहेर दिसते ती स्प्रिंग. तिच्या आंत एक बंद नळकांडें असतें. त्यांत तेल असतें व त्या तेलांत एक दट्ट्या वरखालीं सरकतो. दट्ट्यास बारीक छिद्रें व झडपा असतात. चाक उडालें कीं दट्ट्या हलतो आणि तेलास त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. दट्ट्या जितका जलद हलेल तितका तेलाचा विरोध अधिक. स्प्रिंगेंत साठलेली शक्ति अशा रीतीनें तेलाच्या घर्षणांत खर्च होते व तिची उष्णता बनते. खराब रस्त्यावरून पुष्कळ वेळ चाललेल्या गाडीचा शॉकअप हातास कोमट लागतो, तो यामुळेंच.

आतां तेल गळून गेलें असें समजा. स्प्रिंग पूर्वीप्रमाणेंच भार पेलील. परंतु एकदां दबली कीं ती उसळेल, पुन्हां दबेल, पुन्हां उसळेल. प्रत्येक उसळीबरोबर चाकाचा जमिनीवरील दाब कमी होतो, आणि मोठ्या उसळींत तें क्षणभर जमीन सोडतें. जमीन सोडलेल्या चाकास ब्रेक लावून कांहींच उपयोग नसतो. वळणावर असतांना असें झालें तर गाडी मागून सरकते. म्हणून झिजलेला शॉकअप हा केवळ पाठीच्या दुखण्याचा प्रश्न नसून गाडी वेळेवर थांबेल कीं नाहीं, याचा प्रश्न आहे.

भाराचा हिशेब

दूध पाण्याहून किंचित् जड असतें. एक लिटर दुधाचें वजन सुमारें १.०३ किलो भरतें. ४० लिटरच्या एका कॅनांत सुमारें ४१ किलो, म्हणजे दोन कॅनांत ८२ किलो दूध झालें. चालकाचें वजन ६५ किलो धरलें तर बेरीज १४७ किलो होते. त्यांत रिकाम्या कॅनांचें व लोखंडी चौकटीचें वजन अजून आलेंच नाहीं. १०० सी. सी. च्या सुमाराच्या गाड्यांस चालकासह मान्य असलेला भार बहुधा १३० ते १५० किलोंच्या दरम्यान असतो. आपल्या गाडीचा नेमका आंकडा तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहावा. युरियाचें एक पोतें ४५ किलोंचें. दोन पोतीं व मागें एक माणूस, असा प्रवास म्हणजे शॉकअपांवर उघड अत्याचार होय.

भार किती, याइतकेंच तो कोठें आहे यासहि महत्त्व आहे. मागच्या चाकाच्या आसापलीकडे बांधलेलें ओझें शॉकअपांवर अधिक जोर आणतें आणि पुढचें चाक हलकें करतें. कॅन दोन्ही बाजूंस सारखे, शक्य तितके खालीं व पुढें टांगावे. अर्धवट भरलेल्या कॅनांतील दूध हिंदकळतें व प्रत्येक वळणावर गाडीस हिसका देतें. म्हणून दोन कॅन अर्धे अर्धे नेण्यापेक्षां, दूध एका कॅनांत मावत असेल तर, लहान आकाराचे दोन कॅन पूर्ण भरून नेणें चांगलें.

शॉकअप झिजतो कसा ?

नळकांडें व दट्ट्याची दांडी यांच्या सांध्यावर रबरी ऑईल सील असतें. दांडी गुळगुळीत चकाकीची असते, तोंवर सील टिकतें. पाणंदीच्या चिखलाचा थर दांडीपाशीं वाळला, किंवा धुळींतील रेतीचे कण तेथें अडकले, कीं ते कानशीप्रमाणें काम करतात. पावसाळ्यांत दांडीस गंज धरला तर तिच्यावर सूक्ष्म खड्डे पडतात व प्रत्येक फेरीस ते सील कुरतडतात. सतत जादा भारानें दट्ट्या तळाशीं आदळून आंतील झडपा बिघडतात. शिवाय तेल स्वतःहि जुनें होऊन पातळ पडतें. याप्रमाणें तेल न गळतांहि शॉकअप हळूहळू दुबळा होतो. आणि रोज तीच गाडी चालविणाऱ्यास हा फरक सहसा जाणवत नाहीं.

दोष कसा ओळखावा ?

पुढील परीक्षा कोणासहि घरीं करतां येतील. त्या याच क्रमानें कराव्या. कारण स्वस्त दोष आधीं सांपडला तर महागाचा खर्च वांचतो.

(१) टायरमधील हवा प्रथम तपासावी. हवा फार असल्यास गाडी उडते, व कमी असल्यास ती मागून डुलते. या दोन्ही लक्षणांचें खापर विनाकारण शॉकअपावर फुटतें.

(२) गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. मागचें चाक दोन्ही हातांनीं धरून आडवें हलवावें. चाक हलून चिमटा स्थिर राहिला तर चाकाचें बेअरिंग गेलें आहे. चाकाबरोबर चिमटाहि हलला तर चिमट्याचे बुश झिजले आहेत. हे दोष कायम ठेवून नवे शॉकअप बसविणें म्हणजे पैसे वायां घालविणें होय.

(३) शॉकअपाच्या वरच्या व खालच्या डोळ्यांतील रबरी बुश पाहावे. ते फाटले किंवा ढिले झाले असले तर लहान खळग्यावरहि खडखड ऐकूं येते. शॉकअप कोरडा असून नुसतीच खडखड असेल, तर बहुधा बुश बदलल्यानें काम भागतें.

(४) शॉकअप पुसून स्वच्छ करावा व दोन दिवस गाडी नेहमीप्रमाणें वापरावी. नंतर पाहावें. तेलाचा अगदीं पुसट थर दिसला तर काळजी नको. परंतु अंग ओलें होऊन त्यावर धुळीचा चिकट लेप बसला असेल, तर सील गेलें असें निश्चित समजावें.

(५) गाडी स्टँडवरून उतरवून चाकांवर उभी करावी, व मागची बैठक जोरानें खालीं दाबून सोडावी. चांगल्या शॉकअपावर ती एकदां वर येऊन स्थिरावते. दोन-तीन वेळां वरखालीं झाली तर तेलाचें काम संपलें आहे.

(६) मागच्या टायरवर ठराविक अंतरानें खोलगट झीज दिसत असेल, तर चाक रस्त्यावर टेकून न चालतां उड्या मारीत चाललें आहे, असा संशय घ्यावा.

स्प्रिंग कसण्याविषयीं गैरसमज

कित्येक साध्या गाड्यांच्या शॉकअपास खालच्या बाजूस पायऱ्यांचें एक कडें असतें. तें फिरवून स्प्रिंग आधींच थोडी दाबून ठेवतां येते. याचा हेतु इतकाच कीं, भार वाढल्यावर गाडी फार बसूं नये. कडें फिरविल्यानें स्प्रिंग अधिक कडक होत नाहीं, व तेलाच्या कामांत तर तिळमात्र फरक पडत नाहीं. भार लादतांना वरची पायरी व रिकाम्या गाडीस खालची पायरी, असा त्याचा योग्य उपयोग आहे. दोन्ही बाजूंस पायरी एकच असली पाहिजे. नाहीं तर चिमट्यास पीळ पडतो.

वेढ्यांत रबराचे तुकडे ठोकण्याचा उपाय याहून वाईट आहे. त्यानें कांहीं वेढे जखडले जातात व उरलेल्या वेढ्यांवर सर्व ताण येतो. स्प्रिंग कडक होते खरी, परंतु कडक स्प्रिंगेची उसळीहि अधिक जोराची असते, आणि ती आवरण्यास तेल नसतेंच. भारानें गाडी बसते तीं दुखणीं स्प्रिंगेकडे पाहून, व गाडी उसळते तीं तेलाकडे पाहून सोडवावीं.

दुरुस्ती कीं बदल ?

साध्या गाड्यांचे बरेचसे शॉकअप कारखान्यांतच कायमचे बंद केलेले असतात. ते उघडून दुरुस्त करावे अशी त्यांची योजनाच नसते. तरीहि नळकांड्यास छिद्र पाडून, त्यांत तेल ओतून, छिद्र झाळून देणारे कारागीर भेटतात. हें काम करून घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याचीं कारणें अशीं :

पहिलें, गळती सीलमुळें झाली होती व सील तेंच राहिलें. तेव्हां नवें तेलहि गळणारच. दुसरें, दांडी आंत शिरली म्हणजे तिला जागा लागते, म्हणून नळकांड्यांत तेलाबरोबर ठराविक पोकळी ठेवलेली असते. तेल कांठोकांठ भरलें तर दांडी आंत जाऊं शकत नाहीं, व पहिल्याच मोठ्या खळग्यांत सील फुटतें किंवा दांडी वांकते. तिसरें, तेलाचा दाटपणा झडपांच्या मापाचा लागतो. इंजिनाचें दाट तेल घातल्यास शॉकअप आखडतो. चौथें व सर्वांत महत्त्वाचें कारण जिवाच्या धोक्याचें आहे. कांहीं शॉकअपांत नायट्रोजन वायु मोठ्या दाबानें भरलेला असतो. अशा शॉकअपास भोंक पाडणें किंवा झाळ लावणें म्हणजे स्फोटास आमंत्रण होय. कित्येक वायुयुक्त शॉकअपांस शेजारीं लहान डबी जोडलेली असते. परंतु डबी नाहीं म्हणून वायु नाहींच, असें मानूं नये.

ज्या शॉकअपाचें तोंड आट्यांनीं किंवा खांचेंतील कडीनें बंद केलेलें असतें, आणि ज्याचें सील, बुश व योग्य तेल बाजारांत मिळतें, तोच दुरुस्तीस योग्य समजावा. त्यांतहि दांडीवरून नख फिरवून पाहावें. नख कोठें अडखळलें तर नवें सीलहि थोड्याच दिवसांत जाईल. तेथें दुरुस्तीचा मोह सोडावा. शॉकअपावरील स्प्रिंग दाबून बसविलेली असते. ती योग्य शिकंज्याशिवाय सोडविल्यास उडून तोंडावर बसते. म्हणून उघडण्याचें काम जाणत्या फिटराकडूनच करवावें.

बदल करावयाचा तर दोन्ही शॉकअप एकदम बदलावे. एक नवा व एक जुना असल्यास चिमटा एका अंगास अधिक दबतो व गाडी सरळ चालत नाहीं. नवे शॉकअप आपल्याच गाडीच्या नमुन्याचे घ्यावे. दोन डोळ्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर जुन्याशीं मोजून पाहावें. उंची वाढावी म्हणून लांब शॉकअप बसविण्यानें साखळीचा ताण, स्टँड व गाडीचा तोल ही सर्वच घडी बिघडते.

बदलण्याची रीत

बंद शॉकअप काढून नवा बसविणें हें काम मात्र अवघड नाहीं. पान्यांचा संच व थोडी सावधगिरी असली म्हणजे तें अंगणांत होण्यासारखें आहे.

गाडी कठीण व सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर उभी करावी. सायलेन्सर थंड होऊं द्यावा. नट गंजलेले असतील तर आदल्या रात्रींच त्यांवर तेलाचे थेंब सोडून ठेवावे. वरच्या नटाच्या आड बाजूचें झांकण किंवा मागची दांडी येत असेल तर ती आधीं काढावी.

मुख्य नियम असा कीं, एका वेळीं एकच शॉकअप काढावा. दुसरा जागेवर असेपर्यंत चिमटा व चाक आपल्या उंचीवर राहतात. दोन्ही एकदम काढले तर चाक खालीं पडतें. वरचा नट व खालचा बोल्ट काढून, वॉशर कोणत्या क्रमानें होते तें कागदावर मांडून ठेवावें, व शॉकअप हलक्या हातानें बाहेर ओढावा. हातोड्यानें ठोकूं नये. ठोकल्यास खुंटीचे आटे मरतात. खुंटी पुसून स्वच्छ करावी. रबरी बुशास ग्रीस किंवा इंजिनाचें तेल लावूं नये, कारण त्यानें रबर फुगून खराब होतें.

नवा शॉकअप प्रथम वर अडकवावा. खालचें भोंक जुळत नसेल तर चाकाखालीं फळी सरकवून तें थोडें उचलावें. सर्व नट आधीं हातानें बसवून मग पान्यानें आवळावे. याच रीतीनें दुसरी बाजू करावी. शेवटची आवळणी गाडी चाकांवर उतरवून, पुस्तिकेंत दिलेल्या मापानें करावी. अधिक जोर म्हणजे अधिक मजबुती नव्हे. दोन्ही कडीं एकाच पायरीवर आहेत याची खात्री करून पांचव्या परीक्षेप्रमाणें बैठक दाबून पाहावी. पहिला फेरा भार न घेतां करावा, आणि पन्नास किलोमीटरांनंतर सर्व नट पुन्हां तपासावे.

एकच शॉकअप असलेल्या गाड्या

अलीकडील कित्येक मोटारसायकलींस बैठकीखालीं मध्यभागीं एकच शॉकअप असतो. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील शेतकरी कुरणांवर ज्या चार फुगीर टायरांच्या उघड्या गाड्या वापरतात, त्यांतील कांहींची मागची रचनाहि अशीच असते. या जातीच्या गाड्यांची सुरुवात ‘होंडा’ कंपनीनें १९७० मध्यें तीन चाकांच्या गाडीनें केली. तिला स्प्रिंगा मुळींच नव्हत्या, मऊ टायरांवरच धक्का झेलला जाई. वेग व भार वाढला तेव्हां तेथेंहि शॉकअप आलेच. अशा कोणत्याहि गाडीचा एकुलता शॉकअप काढतांना चिमटा किंवा आस धरण्यास दुसरें कांहींच उरत नाहीं. म्हणून चौकटीस खालून भक्कम टेकू द्यावा, चाकाखालीं ठोकळा ठेवावा, आणि बोल्टवरचा भार उतरल्यावरच तो ओढावा. जोडणीच्या लहान दांड्यांचीं बेअरिंगें असल्यास तीं त्याच वेळीं साफ करून त्यांत ग्रीस भरावें.

निगा

चिखलांतून आलेली गाडी चिखल वाळण्यापूर्वीं साध्या पाण्यानें धुवावी. पाण्याचा जोरदार झोत सीलवर मारूं नये, व तेथें रॉकेल किंवा डिझेल लावूं नये. दांडी उघडी दिसत असेल तर ती कोरड्या फडक्यानें पुसावी. तिला ग्रीस लावल्यास रेती चिकटते. महिन्यांतून एकदां बैठक दाबून पाहण्याची संवय ठेवावी. बाद झालेले शॉकअप आगींत टाकूं नयेत, आणि त्यांतील तेल विहिरीच्या किंवा गोठ्याच्या आसपास सांडूं नये.

बैलाच्या खांद्यास सूज दिसली कीं जाणता शेतकरी त्यास जुंपीत नाहीं. जूं बदलतो, ओझें कमी करतो. गाडीस बोलतां येत नाहीं हें खरें, पण बैलासहि कोठें येतें ! ओला झालेला शॉकअप व दोनदां उसळणारी बैठक हीच तिची भाषा आहे. ती समजून घेऊन वेळींच खर्च केला, तर दूध, गाडी व त्यावर बसलेला घरचा माणूस हीं तिन्हीं सुखरूप घरीं येतील.